रात्री दोनच्या इंजेक्शनसाठी

सिस्टर,

तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझ्या धाकट्या भावाला मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग, झाला होता आणि वॉर्डात तुमची रात्रपाळी असायची. त्या १४ दिवसांत 'सिस्टर' या हाकेवरच भागलं.

पहिली रात्र मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. फणफणलेला ताप, ताठलेली मान, मला न ओळखणारे त्याचे डोळे. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी कल्चरसाठी, म्हणजे जंतू कोणता ते शोधायला, रक्त घेतलं, सूज कमी करणारं डेक्सामेथासोन दिलं आणि स्कॅनसाठी न थांबता अँटिबायोटिक चालू केलं. त्यांचे आभार मी तेव्हाच मानले. तुमचे राहून गेले.

कल्चरमध्ये न्यूमोकॉकस हा जंतू निघाला. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक त्याला लागू पडतं असं कळल्यावर सोबतचं दुसरं, व्हँकोमायसिन, बंद झालं. पाचव्या दिवशी ताप उतरला, भाऊ उठून बसला, चक्क चिडचिड करू लागला. त्या रात्री मी तुम्हाला विचारलं, आता गोळ्यांवर घरी नेलं तर चालणार नाही का? सकाळी डिस्चार्जचा हट्ट धरायचं मी मनाशी ठरवलंच होतं.

तुम्ही रागावला नाहीत. सलाइनचे थेंब मोजता मोजता सांगितलंत, की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो, तो एरवी या औषधाला फारसं आत शिरू देत नाही. जंतूंमुळे सूज आली की तो ढिला पडतो आणि औषध आत झिरपतं. सूज ओसरली की तो पुन्हा घट्ट होऊ लागतो. "म्हणजे पेशंट बरा दिसायला लागतो ना, तेव्हाच औषधाला आत पोचणं अवघड होतं. म्हणून डोस शेवटपर्यंत तेवढाच." दर १२ तासांनी २ ग्रॅम, तेही शिरेतूनच. गोळीने तेवढं औषध तिथवर जात नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

सकाळी मी हट्ट धरला नाही.

पुढे त्याच्या हाताच्या शिरा सुजल्या, सुई टोचायला जागा उरेना. तुम्ही टॉर्च धरून, बोटाने चाचपत नवी शीर शोधायचात आणि दोनचा डोस दोनलाच द्यायचात. एकदाही चुकला नाही.

या आजारात कान जाऊ शकतात, म्हणून महिन्याभराने श्रवणचाचणी झाली. दोन्ही कान शाबूत आहेत. हे सांगायला आम्ही वॉर्डात आलो होतो, पण दुपार होती आणि तुमची रात्रपाळी. म्हणून हे पत्र.