चित्राआधी भिंत : रणवार आणि चॅपल रोडच्या रहिवाशांचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

रविवारी सकाळी वांद्र्याच्या चॅपल रोडवर, माउंट कार्मेल चर्चच्या आसपास, गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी हमखास भेटतात. भिंतीभिंतीपाशी थबकत ती रणवारच्या गल्ल्यांत शिरतात. वांद्र्याच्या चोवीस पाखाड्यांपैकी, म्हणजे जुन्या वस्त्यांपैकी, रणवार ही आमची एक. 2007 च्या सुमारास 'द वॉल प्रोजेक्ट'मधल्या तरुणांनी या भागातल्या भिंती रंगवायला घेतल्या. मग 2012 मध्ये रणजित दहिया यांनी 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला आणि जुन्या सिनेमातले चेहरे आमच्या शेजारी राहायला आले. 2014 मध्ये रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले, तेही त्यांच्याच हातचे. दहियांची सुरुवात भिंतींना चुना मारण्याच्या कामापासून झाली, हे आम्ही आमच्या रविवारच्या फेरीला आलेल्यांना मुद्दाम सांगतो. कारण आमचं दुखणंही चुन्याशीच येऊन थांबतं.

इथल्या जुन्या घरांचा गिलावा चुन्याचा आहे. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडते. त्यावर प्लास्टिक पेंट चढला की ओल आतच कोंडते. लोणा (भिंतीतला पांढरा खार) फुटतो, पोपडे धरतात, आणि एक दिवस नायिकेचा अर्धा गाल फुटपाथवर पडलेला सापडतो. आम्हीही शहाणपणा करून एकदा तिथे सिमेंटचं ठिगळ मारलं. दोन पावसाळ्यांत ठिगळ तसंच राहिलं, भोवतीचा गिलावा मात्र सुटला.

म्हणून यंदा आम्ही चित्रासाठी नव्हे, भिंतीसाठी पैसे मागतो आहोत. तीन भिंती निवडल्या आहेत. तिन्ही घरमालकांची लेखी संमती आहे. ज्या घराचा पुनर्विकास ठरलाय तिथे एक रुपयाही घालणार नाही. आधी कौलं आणि पन्हाळी दुरुस्त करायच्या, सुटलेला गिलावा खरवडायचा, चुन्याचा नवा चढवायचा आणि भिंत नीट वाळेपर्यंत थांबायचं. हे थांबणं देणगीदारांना सर्वांत जड जातं, असा अनुभव आहे. रंगवण्याआधी मूळ चित्रकाराला विचारू. त्याने नको म्हटलं तर भिंत कोरी राहील.

रोख मदत हवीच; शंभर रुपयांचीही पावती मिळेल. पण त्याहून निकड आहे ती चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याची. कुणाच्या ओळखीत असा जुना माणूस असेल तर कृपया कळवा, त्याची मजुरी आम्ही आनंदाने देऊ. बांबूच्या परांच्या, ताडपत्री, घमेली काही दिवसांसाठी उसनी मिळाली तरी चालतील. ज्यांच्याकडे या भिंतींचे जुने फोटो आहेत त्यांनी ते जरूर द्यावेत, मागे मोटारसायकल उभी असली तरी हरकत नाही.

पावसाळा संपल्यावर कामाला हात घालायचा आहे. तोवर दर रविवारी सकाळी आठला चर्चच्या फाटकापासून आम्ही फेरी काढतो. फेरीला शुल्क नाही. शेवटी डबा फिरतो आणि पावतीपुस्तक सोबत असतं. मात्र भिंतीमागे घर आहे, घरात माणसं आहेत. खिडकीतून आत कॅमेरा नको, आणि कुणाच्या ओट्यावर बसायचं तर विचारून बसा. बहुधा चहाच मिळेल. दुपारी मात्र येऊ नका, त्या वेळी गल्ली झोपलेली असते.

आपले,
रणवार आणि चॅपल रोड परिसरातील रहिवासी