अंगठा कुणाचा, निर्णय कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की आमच्या धारूर-केज भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधीच्या महिना-दीड महिन्यात तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यांत बायांची गर्दी का वाढते, ते मी आरोग्य सेविका म्हणून नोकरी केल्यामुळे जवळून पाहिलं आहे. त्या येतात गर्भाशय काढायच्या ऑपरेशनला. इकडे त्याला कुणी मोठं नाव देत नाही. ‘पिशवी काढली’ म्हणतात, दाढ काढल्यासारखं.

माझ्या चुलत जावेची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. सोनोग्राफी झाली, ‘सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ एवढं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. गोळ्या देऊन बघू, पिशवीच्या तोंडाचं पाणी तपासू, असं काही नाही. मला पाचव्या दिवशी कळलं. मी संमतीचा कागद मागितला. सगळा इंग्रजीत. दिराची, म्हणजे हिच्या नवऱ्याची, सही, खाली हिचा अंगठा. ही सातवी शिकलेली आहे, सही करते. विचारलं तर म्हणाली, “सही कुणी मागितलीच न्हाई बाई. आत नेल्यावर अंगठा धरून टेकवला.”

हा अंगठा मला अजून विसरता येत नाही. कारण कायदा याबाबत गप्प नाही. समीरा कोहली प्रकरणात दिल्लीतल्या एका महिलेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलीत असतानाच डॉक्टरांनी आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ ला निकाल दिला, की रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावर बेतलेलं नसेल, तर संमती तिचीच हवी. शिवाय आजार काय, दुसरे उपाय कोणते, धोके कोणते, हे आधी सांगायला हवं. दुसरीकडे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत असं आहे, की मूल होणं थांबेल अशा शस्त्रक्रियेला नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी. आमच्याकडे या ‘दोघां’मधला एकच उरतो, आणि तो कोण हे सांगायला नको. (गर्भपाताच्या कायद्याने सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, तरी दवाखाने नवऱ्याची सही मागतातच.)

२०१९ मध्ये हा विषय गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशभराचं हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. मग खासगी दवाखान्यांनी पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असं ठरलं. बरं झालं, पण त्या परवानगीच्या कागदावर बाई बोलते कुठे? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं. त्या सूचना आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर तरी मी पाहिल्या नाहीत.

डॉक्टर म्हणतात, “बायाच येऊन काढा म्हणतात.” हे खोटं नाही. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या चार दिवसांत काम चुकलं तर खाडा पडतो आणि उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, पैसे कापले जातात. पोरं झाली, आता कशाला ही कटकट, असं जाऊसुद्धा म्हणाली असती. पण पाळी गेल्यावर अंगाची आग होते, हाडं लवकर ठिसूळ होतात, बीजकोशही काढले तर हे सगळं लगेच सुरू होतं, हे कळल्यावरही ती तसंच म्हणाली असती का? तिला विचारून पाहायला हवं होतं. सगळेच डॉक्टर तसे नसतात, आणि गाठींमुळे रक्त जाऊन पांढरी फटक पडलेल्या बाईला ऑपरेशन लागतंच. तिला परवानगीसाठी जिल्ह्याला हेलपाटे घालावे लागू नयेत.

माझं मागणं लहान आहे. संमतीचा कागद मराठीत असावा, आदल्या दिवशी आशाताई किंवा नर्सबाईने तो बाईला एकटीला बसवून वाचून दाखवावा, नवरा आणि टोळी नेणारा मुकादम बाहेर थांबावेत, आणि एक प्रत तिच्या हातात द्यावी. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, त्याचा रिपोर्टही सोबत.

रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत असा नियम आहे. आम्ही लेखी अर्ज केला. “फाईल सापडत नाही” असं उत्तर मिळालं, तेही तोंडी. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र त्याच्या वहीत नीट सापडली. ती फेडायला जाऊ पुढचे दोन हंगाम फडात होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, ता. धारूर, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती.)