अंबडच्या मेस्त्रीकाकांना जाहीर आभार

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं तुमचं गॅरेज ज्यांना ठाऊक आहे ते ओळखतीलच. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. नुसती माझ्या गाडीची ऑइलगळती थांबवल्याचे असते तर बिलासोबत पेढ्यांचा पुडा देऊन भागलं असतं. तुम्ही ऑइल नेमकं कुठून येतंय ते आधी शोधलंत आणि मगच पाना उचललात, त्यासाठी हे पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडं गाडीबद्दल. २००७ सालची पोर्शे बॉक्सटर, सेकंडहँड घेतलेली. २.७ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, २४५ हॉर्सपॉवर. इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेलं. पुढे उघडावं तर डिकी, मागे उघडावं तर तिथेही डिकी; इंजिनाचं दर्शन म्हणून होत नाही. मागच्या डिकीत ऑइल भरायचं झाकण तेवढं दिसतं. सिलिंडरही उभे नाहीत, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे. त्यामुळे वरून वाकून टॉर्च मारली आणि गळती सापडली, असं या गाडीत होत नाही. गाडी लिफ्टवर घ्यावी लागते आणि खाली मान वर करून उभं राहावं लागतं. तुम्ही तसे तासन् तास उभे राहिलात.

पावसाळ्याच्या तोंडावर पार्किंगमध्ये डाग दिसायला लागले. कसारा घाट चढून आल्यावर जळक्या ऑइलचा वासही यायचा. तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली होती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ओल आहे, म्हणजे क्रँकचं मागचं सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीचं, ऑइल अडवणारं मेन सील) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तो उतरलाच आहे तर क्लचही बदलून घ्या, असं तिथे सांगितलं. अंदाजपत्रक लाखांत होतं. त्या सल्ल्यात तर्क होता, हे मान्य करायला हवं. या इंजिनात ते सील पाझरतं ही जगजाहीर गोष्ट आहे, आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच बघून घेणं शहाणपणाचंच. फक्त सांधा पुसून, गाडी चालवून पुन्हा बघण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

तुम्ही मला सगळ्यात आधी पुठ्ठा आणायला सांगितलात. द्राक्षाच्या पेटीचा मोठा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवायचा, चारही चाकं कुठे येतात ते पेन्सिलीने आखायचं, तारीख टाकायची. सकाळी तो पुठ्ठा घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही डागाला बोट लावून वास घेतलात. गिअर ऑइल असतं तर गंधकासारखा उग्र दर्प आला असता, कूलंट असतं तर हाताला चिकट आणि रंगीत लागलं असतं, एसीचं पाणी असतं तर डाग सुकून गेला असता. हे इंजिन ऑइलच, आणि तेही गाडीच्या मधोमध नाही, डाव्या अंगाला पडतंय. "ताई, मेन सील मधे असतं. मग डाग कडेला का?" तुमचा हा प्रश्न ऐकला आणि माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं.

पुढचं काम मी डोळ्यांनी पाहिलं. खालून सगळं इंजिन डीग्रीझरने धुऊन, हवा मारून कोरडं केलंत. ऑइलमध्ये जांभळ्या उजेडात चमकणारा रंग टाकलात, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवलीत आणि मला त्र्यंबक रोडने चक्कर मारून यायला लावलंत. परत आल्यावर शटर अर्धं ओढून जांभळी टॉर्च लावलीत. सांध्यावर पिवळसर हिरवी चमक होतीच, पण ती तिथे सुरू होत नव्हती. टॉर्च पुढे सरकवत नेलीत तशी ती रेघ डाव्या बाजूच्या कॅमशाफ्ट कव्हरवर (सिलिंडरांच्या टोकाकडच्या झाकणावर) गेली आणि गिअरबॉक्सला सगळ्यात जवळच्या प्लगच्या नळीपाशी संपली. गाडी पळताना खालून जाणारी हवा ऑइल मागे ढकलते, म्हणून सगळ्यात मागची ओली जागा फसवते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, हे तुम्ही तुमच्या हाताखालच्या पोराला सांगत होतात आणि मीही कान देऊन ऐकत होते.

या इंजिनात प्रत्येक स्पार्क प्लग एका नळीच्या तळाशी बसतो. ती नळी कॅमशाफ्ट कव्हरमधून आरपार हेडपर्यंत जाते आणि तिला दोन ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, असतात. आतली गेली तर ऑइल प्लगच्या खोबणीत साचतं, बाहेरची गेली तर कव्हरवरून ओघळतं. खाली एग्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप, असतो, त्यावर थेंब पडला की तो जळतो आणि घाटात येतो तो वास येतो. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होणारच. जुनी ओ-रिंग तुम्ही चिमटीत धरून वाकवलीत आणि तिचे दोन तुकडे झाले. नवी तशीच वाकवून दाखवलीत, ती उडी मारून सरळ झाली.

नळी ओढून काढायला कंपनीचं हत्यार तुमच्याकडे नव्हतं. तुम्ही एक लांब बोल्ट घेतलात, दोन वॉशर, मधे रबराची बुश. नळीत घालून नट आवळलात की रबर फुगतं आणि आतून नळीला घट्ट धरतं. मग हलक्या हाताने फिरवत नळी बाहेर. एकाही नळीला ओरखडा नाही. गळत होती एकच, पण सहाही नळ्यांच्या ओ-रिंग एकाच वयाच्या, म्हणून सगळ्या बदलल्यात. चाकं निघालीच होती, तर प्लगही नवे घातलेत आणि ते टॉर्क पान्यानेच आवळलेत. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिथे अंदाज चालत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती बिलात कुठेच नाही. नुसती ओ-रिंग बदलून तुम्ही थांबला नाहीत. इंजिनाच्या पोटातला दाब वाढला तर चांगली सीलंही पाझरायला लागतात, म्हणून इंजिन चालू असताना डिकीतलं ऑइलचं झाकण उघडून आतली ओढ किती आहे ते पाहिलंत. ती हलकीच होती, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा सेपरेटर ठीक. ऑइल फिल्टरची कागदी घडी उलगडून उन्हात धरलीत, त्यावरून लोहचुंबक फिरवलंत. या इंजिनाच्या आयएमएस बेअरिंगबद्दल (आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते मोडलं तर इंजिनच जातं) मी इतकं वाचलं होतं की झोप उडाली होती, आणि माझ्या मॉडेलच्या सालात तर इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते निघतही नाही. चुंबकाला काही लागलं नाही. दर सर्व्हिसला फिल्टर असाच उघडून बघायचा, तोवर नुसत्या भीतीने इंजिन खोलायचं नाही, हे तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत की तो विषय माझ्यापुरता मिटला. थंड इंजिन सुरू करताना कधी निळसर धुराचा एखादा झोत आला तर घाबरू नका, सिलिंडर आडवे असल्यामुळे थोडं ऑइल आत झिरपतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

पार्ट मुंबईहून येईपर्यंत गाडी वापरू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही सरसकट हो किंवा नाही म्हटलं नाहीत. शहरात चालेल, लेव्हल बघत राहा, घाट मात्र नको, कारण गरम मॅनिफोल्डवर ऑइल पडत असताना धोका पत्करायचा नाही. गळती बंद करणारं औषध ऑइलमध्ये टाकू का, यावर मात्र स्पष्ट नाही. ते रबर तात्पुरतं फुगवतं, आणि जिथे गळत नाही तिथल्या सीलांनाही लागतं. असं नेमकं उत्तर मिळालं की गाडीच्या मालकाला किती धीर येतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे की नाही माहीत नाही, म्हणून मी सांगते.

काढलेलं ऑइल तुम्ही झाकणाच्या ड्रममध्ये भरता आणि परवानाधारक रिसायकलरलाच देता. जमिनीवर सांडलं तर भुसा टाकून उचलता, पाण्याचा फवारा मारत नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, पण नियम कागदावर असणं वेगळं आणि पावसाळ्यात, गटार दारातूनच वाहत असताना, तो पाळणं वेगळं. सातपूर-अंबडच्या बाजूचं पाणी नासर्डी नदीला मिळतं आणि नासर्डी गोदावरीला. या शहरात राहणारी बाई म्हणून त्याबद्दलही तुमचे आभार.

काम झाल्यावर वणीच्या बाजूने सापुताऱ्याला जाऊन आले. चढावर मुद्दाम काचा खाली ठेवल्या होत्या. वास नाही. सांधा अजून कोरडा आहे, खालून टॉर्च लावून पाहिला.

तुमच्या हाताखालच्या त्या मुलालाही माझा निरोप द्या. प्रत्येक बोल्ट कुठला ते कागदावर लिहून, त्या त्या खुणेवर ठेवत होता. मोठा कारागीर होईल.

दिवाळीनंतर ऑइल बदलायला येते. ०डब्ल्यू-४०, पोर्शेच्या ए४० मान्यतेचं, तुम्ही लिहून दिलं होतं तेच घेऊन येईन. फिल्टर उलगडाल तेव्हा मला हाक मारा, मलाही बघायचं आहे.

आपली कृतज्ञ,
निळ्या बॉक्सटरवाली ताई
नाशिक

ता. क. जास्तीच्या म्हणून मागवलेल्या ओ-रिंग बंद पाकिटातच माझ्याकडे राहिल्या आहेत. त्या तुमच्याकडे ठेवून देते. असंच इंजिन घेऊन कुणी अडचणीत आलं, तर वापरा.