परवाना संपला तरी हिशेब दिसला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सियागंज, क्लॉथ मार्केटमधल्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या इंदूरच्या विकसकांनी नकला रोखण्यासाठी बंदिस्त डीआरएम (परवान्याशिवाय वापर रोखणारी तयार प्रणाली) विकत घेण्याआधी खुल्या पद्धतीचा विचार जरूर करावा. बंदिस्त प्रणालीत पडताळणी बहुधा दुसऱ्याच्या सर्व्हरवर होते. तो बंद पडला, की पैसे मोजलेला ग्राहकही अडकतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांची विक्री थांबवली आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली ती गेलीच. (चित्रपट दाखवणाऱ्या ॲपची गोष्ट निराळी; तिथे वाइडवाइन, फेअरप्ले, प्लेरेडी या बंदिस्त प्रणालींना पर्याय जवळजवळ नाही.)

खुली पद्धत सोपी आहे. परवाना फाइलीत दुकानाचे नाव, मुदत आणि संगणकाची ओळख लिहून तिच्यावर एड२५५१९ (Ed25519) या खुल्या पद्धतीने डिजिटल सही करायची. प्रोग्रॅममध्ये सही तपासणारी फक्त ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली राहते. सही करणारी खासगी किल्ली इंटरनेट नसलेल्या संगणकावर ठेवावी आणि तिची एक प्रत दुसऱ्या जागी कुलपात असावी. ती हरवली तर नवे परवाने निघत नाहीत. फुटली तर कुणीही परवाने काढू शकतो.

चुका होतात त्या बारीकसारीक गोष्टींत. परवाना जेसन (JSON) या मजकूर-स्वरूपात असेल आणि तो वाचून पुन्हा लिहिला, की एखादी मोकळी जागा किंवा नोंदींचा क्रम बदलतो आणि अस्सल सहीसुद्धा खोटी ठरते. म्हणून सही केलेले बाइट जसेच्या तसे जपावेत. संगणकाची ओळख केवळ नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर ठेवली तर कार्ड बदलताच दुकान बंद. संगणकाच्या पाच खुणा घ्याव्यात, तीन जुळल्या तरी चालू द्यावे. तारीख मागे नेऊन मुदत वाढवणाऱ्यांसाठी शेवटच्या बिलाची तारीख ताडून पाहावी, पण लगेच कुलूप लावू नये: मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली तरी घड्याळ मागे जाते. आधी सूचना द्यावी आणि सात दिवसांची सवलत ठेवावी.

पडताळणीचा भागच प्रोग्रॅममधून उडवणारा माणूस याने थांबत नाही, हे खरे. पण प्रोग्रॅम ग्राहकाच्या संगणकावर चालतो, तोवर महागडी बंदिस्त प्रणालीही त्याला फार तर उशीर करते. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला ग्राहक बांधून ठेवणे आम्हाला पटत नाही.

आणखी एक आग्रह. मुदत संपल्यावर नवे बिल थांबवा, जुनी बिले नको. ती पाहता, छापता आणि सीएसव्ही फाइलीत काढता आलीच पाहिजेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार व्यापाऱ्याला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि आपला परवाना बहुतेक वेळा एका वर्षाचा असतो.

आपले,
सॉफ्टवेअर व्यवसायातील काही वाचक, इंदूर