गडकरी साहेब, पाण्यावर गाडी चालत नाही हे एकदा आपणच सांगा

मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

मिरजेत माझं चारचाकीचं गॅरेज आहे. डिप्लोमा करून या धंद्यात पडलो त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. कार्बोरेटर गेले, सीएनजी आलं, आता बॅटरीच्या गाड्या दारात उभ्या राहतात. शिकत गेलो, तक्रार नाही. पत्र लिहायला कारण झाली ती एक प्लास्टिकची बरणी.

मागच्या पावसाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी त्यांची जुनी डिझेल गाडी घेऊन आले. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी पाण्याची बरणी, आत स्टीलच्या पट्ट्या, दोन वायरी बॅटरीला आणि एक नळी एअर फिल्टरच्या पाइपात. बॅटरीच्या विजेनं पाण्यातून वायू काढून इंजिनात सोडणारं ‘हायड्रोजन किट’ म्हणून कुणीतरी अठरा हजारांना त्यांच्या गळ्यात मारलं होतं. अ‍ॅव्हरेज दीडपट होणार होतं. झालं एवढंच की वीज नीट वाहावी म्हणून बरणीतल्या पाण्यात घातलेला कॉस्टिक सोडा फेसाबरोबर नळीतून पुढे गेला आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग खाऊन बसला. मी म्हटलं, गुरुजी, पाण्यावर गाडी चालत नसते. तर त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि आपण हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत आलात तो व्हिडिओ मला दाखवला.

साहेब, 30 मार्च 2022 ला आपण ज्या गाडीतून आलात ती टोयोटाची मिराई. तिच्या टाकीत 700 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे 700 पट दाबानं हायड्रोजन भरलेला असतो. फ्युएल सेलमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, वीज तयार होते, मोटर फिरते आणि मागून पाणी ठिबकतं. पाणी बाहेर येतं, आत कुणी घालत नाही. पण बातमी आमच्या चौकात पोचेपर्यंत ‘मंत्री पाण्यावरच्या गाडीतून आले’ अशी होते, आणि किट विकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

गुरुजींना मी जे सांगितलं ते असं. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. राखेला काडी लावून चूल पेटत नाही. राखेचं परत लाकूड करायचं तर जळताना जेवढी उष्णता निघाली तेवढी तरी वरून घालावी लागते, प्रत्यक्षात जास्तच. गाडीतल्या बरणीत ही ऊर्जा कुठून येते? अल्टरनेटरमधून, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्रातून. अल्टरनेटरला कोण फिरवतं? इंजिन. इंजिनाला कोण? पंपावर भरलेलं डिझेल. शंभर रुपयांचं इंधन जाळलं तर तीसेक रुपयांचं काम क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला मिळतं. त्यातून अल्टरनेटर सतराएक रुपयांची वीज देतो, त्या विजेतून बरणीत दहाएक रुपयांचा वायू निघतो, आणि तो इंजिनात जाळला की हाताशी उरतात तीन रुपये. शंभराचे तीन करणाऱ्या यंत्राला लोक बचत म्हणतात! काहींना अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटतं, ते खोटं बोलत नाहीत. किट बसवताना फिटर एअर फिल्टर साफ करतो, चाकांत हवा नीट भरतो, आणि अठरा हजार घातलेला माणूस महिनाभर पाय हलका ठेवून चालवतो.

हे खूळ जुनं आहे. 1996 साली तमिळनाडूत रामर पिल्लई यांनी पानं उकळून पाण्याचं पेट्रोल केल्याचा दावा केला, देशभर गाजावाजा झाला, आणि चेन्नईच्या न्यायालयानं त्यांना शिक्षा सुनावली ती 2016 मध्ये. त्याच 1996 साली अमेरिकेत ओहायोच्या न्यायालयानं स्टॅन्ली मेयर यांच्या पाण्यावरच्या गाडीला फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

आता खऱ्या हायड्रोजनकडे येतो, कारण त्यात फसवणूक नाही, पण हिशेब आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेनं पाणी फोडणाऱ्या यंत्राला, 50 ते 55 युनिट वीज लागते. मिराईच्या टाकीत 5.6 किलो मावतो, म्हणजे टाकी भरायला 300 युनिटच्या आसपास. 700 बारपर्यंत दाबायला वर आणखी वीज लागते, ती मी धरतच नाही. एवढ्यावर गाडी साधारण 650 किलोमीटर जाते. तीच 300 युनिट सरळ बॅटरीच्या गाडीत घातली तर? माझ्याकडे येणाऱ्या छोट्या गाड्या युनिटला सहा किलोमीटर सहज देतात. मिराई मोठी गाडी आहे म्हणून सूट देऊन पाचच धरतो, तरी 1500 किलोमीटर होतात. म्हणजे विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची परत वीज करण्यात निम्म्याहून जास्त माल वाटेत सांडतो.

आणि ती वीज कसली? आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशाची. ग्रीडच्या एका युनिटमागे अंदाजे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर एका किलो हायड्रोजनमागे 38 किलो होतो. नैसर्गिक वायूतून जुन्या पद्धतीनं काढलेला हायड्रोजन नऊ-दहा किलोवर भागतो. म्हणजे सूर्य-वाऱ्याची वीज नसेल तर आपलं ‘पाण्यातलं’ इंधन जुन्याच्या चौपट काळं.

पाण्याचं मात्र वेगळं सांगायचंय, कारण पाणी फार लागेल म्हणून विरोध करणारेही इथे घसरतात. एक किलो हायड्रोजनला शुद्ध पाणी दहाएक लिटर लागतं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित, म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेवर काढलेल्या हायड्रोजनचं उद्दिष्ट सरकारनं 2023 मध्ये ठेवलं, त्याला 5,000 कोटी लिटर, म्हणजे पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट). शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायला लागणारं धरून तिप्पट करा, पाच-सहा टीएमसी. आमच्या वरच्या कोयनेत 105 टीएमसी मावतं. अख्ख्या देशासाठी हा आकडा मोठा नाही. प्रश्न पाणी कुठे लागणार याचा आहे. ऊन जिथे रखरखीत, सौर प्रकल्प जिथे उभे राहतात, तिथेच नेमकं पाणी नसतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आमच्या मिरजेतूनच. पुढे एकेका खेपेला 50 वाघिणींतून 25 लाख लिटर जायचं. स्टेशनवर भरणा चालायचा तेव्हा मी बघायला उभा राहिलोय. तशा भागात इलेक्ट्रोलायझर लावायचा तर सांडपाणी शुद्ध करूनच लावा. आपल्या नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे आपण अनेकदा सांगता आणि ते सांगण्यासारखंच आहे.

हायड्रोजन नको, असं माझं म्हणणं नाही. अलिबागजवळ थळला युरिया होतो, त्याच्या अमोनियाला हायड्रोजन लागतोच. माहूलच्या रिफायनऱ्यांना लागतो. तिथे तो आजही वापरतात, वायूतून काढून. हरित हायड्रोजन आधी तिथे गेला पाहिजे, कारण तिथे बॅटरी लावून युरिया निघत नाही. आणि गंमत म्हणजे सरकारच्या कागदावर हे ठीकच आहे. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन 19,744 कोटींचं. मार्च 2025 मध्ये बस-ट्रकच्या चाचण्यांना दिले ते 208 कोटी, 37 गाड्या आणि 9 पंपांसाठी. कागदावर गाड्या शेवटच्या बाकावर आणि भाषणात पहिल्या, असं का?

त्या 37 पैकी 22 गाड्या हायड्रोजन थेट इंजिनात जाळणार आहेत. फ्युएल सेलपेक्षा हे आणखी उधळेपणाचं. पण पोटापुरतं बोलायचं तर मला आवडेल, पिस्टन-व्हॉल्व्ह ओळखीचे आहेत. लांबच्या जड ट्रकसाठी हायड्रोजनचं काही जमेलही. घरच्या गाडीचं मला अवघड दिसतं. कॅलिफोर्नियात सगळं असून 2024 मध्ये शेल या तेल कंपनीनं आपले कारसाठीचे हायड्रोजन पंप बंद केले, आणि चालू पंपांवर भाव किलोला 36 डॉलरपर्यंत गेला होता.

माझ्या मागण्या दोनच. पुणे-मुंबई धरून दहा मार्गांवरच्या या चाचण्यांचे आकडे दर महिन्याला सगळ्यांना दिसतील असे मांडा: किलोमागे किती युनिट वीज, किलोमागे किती किलोमीटर, गाडी किती दिवस बंद. फायद्याचं निघालं तर पहिला माफीनामा माझा. आणि दुसरी, पुढच्या वेळी हायड्रोजनच्या गाडीत बसाल तेव्हा कॅमेऱ्यासमोर एक वाक्य जास्त बोला, की ही गाडी पाण्यावर चालत नाही आणि बरणीचं किट कुणी घेऊ नका. सीएनजी किट बसवलं तर मान्यताप्राप्त लागतं, आरसीवर नोंद लागते. बरण्या विकणाऱ्यांना मात्र कुणी हटकत नाही. माझ्यासारख्या गॅरेजवाल्यानं शंभरदा सांगून जे होत नाही ते आपल्या एका वाक्यानं होईल.

गुरुजींनी ते किट काढलंय, पण फेकलेलं नाही. डिकीत ठेवलंय. ‘मंत्रीसाहेब काय म्हणतात ते बघू,’ म्हणाले.

आपला,
मिरजेतला एक गॅरेजवाला