टीवाय सोडू नका, परदेशात इंग्रजी शिकवायला पदवी लागते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या करिअर पुरवणीतला परदेशात इंग्रजी शिकवण्याबद्दलचा लेख वाचला आणि डोकं इतकं तापलं की आज सकाळचे डबे झाल्या झाल्या लिहायलाच बसले. "पदवी नसली तरी चालतं, 120 तासांचा ऑनलाइन कोर्स करा आणि बॅग भरा" हे तुम्ही चौकटीत ठळक छापलंय. अहो पण कुणाला चालतं, कुठल्या देशात, कुठल्या व्हिसावर? याबद्दल एक ओळ नाही.

मी स्वतः अडीच वर्षं थायलंडमध्ये शाळेत इंग्रजी शिकवून आलेय, बँकॉकमध्ये नाही, तिकडे ईशान्येला खोन केनच्या बाजूला, म्हणून हे बोलतेय. तिथे शाळेत रीतसर नोकरी करायची तर वर्क परमिट लागतं, शिक्षक परिषदेची परवानगी लागते आणि त्यासाठी किमान बॅचलर्स डिग्री दाखवावी लागते. त्या परिषदेचं नाव खुरुसफा, म्हणजे आपली गुरुसभाच, आणि पोरं मला 'ख्रू' म्हणायची तेही आपल्या गुरूवरूनच आलंय. बीएड किंवा तसं काही नसेल तर दोन-दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळते, पण पदवी त्यालाही हवीच. टुरिस्ट व्हिसावर चोरून शिकवणारे असतात, मी पाहिलेत, पण पकडले गेले की दंड आणि वर देशाबाहेर. हे सांगायला नको होतं का?

आणि नुसती पदवी असून भागत नाही, ती शिक्के मारून घ्यावी लागते. माझं बीएचं सर्टिफिकेट आलं तेव्हा वडिलांनी हौसेने लॅमिनेट करून आणलं होतं, घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून. राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीला परराष्ट्र खात्याचा, मग थाई वकिलातीचा, असं करायला दिलं तर एजंट म्हणाला, मॅडम, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, हे काढून आणा. मग मी घरी इस्त्री हलकी गरम करून, वर रुमाल टाकून, कोपऱ्यातून हळूहळू सोलायला घेतलं, तर 'कला' मधला 'क' प्लास्टिकला चिकटून वर आला. तिथेच हात थांबला, रडूच आलं मला. शेवटी विद्यापीठात अर्ज करून डुप्लिकेट काढलं आणि त्यात दोन महिने गेले. ते सोललेलं सर्टिफिकेट अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

आता जे खरं लिहायला हवं होतं ते. आपल्या पोरांपुढे पदवीनंतर अजून एक भिंत असते, ती म्हणजे पासपोर्ट. माझं एमए इंग्लिश, बीएड, 11 वर्षं शिकवण्याचा अनुभव, तरी शाळेने सांगितलं तुम्ही नॉन-नेटिव्ह, म्हणजे इंग्रजी तुमची मातृभाषा नाही, तेव्हा इंग्रजीची टोइक परीक्षा द्या, किमान 600 हवेत. दिली, 990 पैकी 945 आले. पगार 24 हजार बाट ठरला. माझ्याच स्टाफरूममध्ये दक्षिण आफ्रिकेचा एक मुलगा होता, चांगला मुलगा, माझ्याकडून लेसन प्लॅन समजून घ्यायचा, त्याची डिग्री मार्केटिंगची आणि घरची भाषा आफ्रिकान्स, म्हणजे इंग्रजी तोही माझ्यासारखाच शाळेत शिकलेला. त्याला परीक्षा नाही आणि पगार 35 हजार! कारण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे सात पासपोर्ट 'नेटिव्ह' धरतात. मला त्याचा राग नाही, पद्धतीचा आहे.

बाकी देशांचंही तेच. जपानचा जेट प्रोग्रॅम, म्हणजे तिथल्या शाळांत परदेशी सहाय्यक शिक्षक नेमायची सरकारी योजना, 1987 पासून चालू आहे, त्याला विषय कुठलाही चालतो पण बॅचलर्स लागतेच. कोरियाचा ई-2, म्हणजे भाषा शिकवायचा व्हिसा, मुळात त्याच सात देशांसाठी, आपल्याला वाट आहे ती 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे, आणि तिथे पदवीसोबत शिक्षकाची पात्रताही मागतात. आखातातल्या विद्यापीठांत तर बहुतेक ठिकाणी एमए आणि वर अनुभव, म्हणजे तिथे खरंच पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं. शाळांसाठी मास्टर्स लागत नाही, हे लेखात लिहिलं असतं तर मी स्वतः शाबासकी दिली असती. आणि 120 तासांचं म्हणाल तर सेल्टा, म्हणजे केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्स, तोही साधारण तेवढ्याच तासांचा, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवावं लागतं, मागे बसून कुणीतरी चुका लिहून घेत असतं. घरबसल्या व्हिडिओ बघून मिळालेला कागद आणि हा, दोन्ही एका ओळीत कसे बसवले तुम्ही?

एवढं चिडायचं कारण म्हणजे आमच्या शेजारचा मुलगा. एसवाय बीकॉम झालाय, काल संध्याकाळी तुमच्या लेखाचं कात्रण घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, पदवी लागतच नाही तर टीवायची फी कशाला भरू, त्यापेक्षा कोर्सला भरतो ना." कोर्सची जाहिरात त्याच पानावर खाली होती, फोन नंबरसकट. वडिलांचं छोटं किराणा दुकान आहे त्याच्या, फीचे पैसे आईने भिशीतून उचललेत. मी तासभर समजावलं तर म्हणतो, पण पेपरात छापून आलंय ना. याला मी काय उत्तर देऊ?

अजून एक, मागच्या वेळी माझं पत्र छापताना तुम्ही मधला अख्खा परिच्छेद कापलात आणि अर्थच बदलला. या वेळी जागा कमी पडली तर माझा पगार कापा, लॅमिनेशन कापा, पण पदवीचं आणि पासपोर्टचं ठेवा. आणि खुलासा त्याच पुरवणीत, तशाच चौकटीत हवा, आतल्या पानावर बारीक टायपात नको. पुरवणी बुधवारी येते आणि त्याच्या कॉलेजची फी भरायची मुदत त्या शनिवारपर्यंत आहे, म्हणजे येत्या बुधवारीच छापावं लागेल.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका, कराड