इंजेक्टर गेले म्हणता, मग आकडा दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापूर स्टेशनवर टूरिस्ट गाडी लावतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर ही माझी शेती. चोवीस वर्षं हेच करतोय. मे महिन्यात भाड्याला उसंत नसते आणि नेमकी तेव्हाच आमच्या स्टँडवरची कुणाची तरी डिझेल गाडी ‘सेल्फ मारतो, पण उचलत नाही’ अशी होऊन टोचन लावून येते. त्यानंतर वर्कशॉपमध्ये जे चालतं, त्याबद्दल हे पत्र.

गेल्या मे महिन्यात नाशिकची पार्टी होती, म्हातारी-लेकरं धरून सहाजण. सकाळी तुळजापूर केलं, दुपारी अक्कलकोट. मंडळी अन्नछत्रात महाप्रसाद घेऊन पाऊण तासानं परत आली आणि मी चावी फिरवली. सेल्फ खणखणीत, पण इंजिन काही धरेना. टाकीत अर्धं डिझेल होतं, बॅटरी नवी होती. एकाला सेल्फ मारायला बसवून मी सायलेन्सरजवळ वाकून पाहिलं. ना धूर, ना वास. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असं धरता आलं असतं. इथं आत काही जातच नव्हतं.

जमलेल्यांपैकी एकानं एअर फिल्टर काढून पेट्रोलचा फवारा मारायला सांगितलं. असा एकजण प्रत्येक गर्दीत असतोच. हीटर प्लग तापलेला असला तर त्या फवाऱ्यानं इंजिनही जातं आणि वाकून बघणाऱ्याचं तोंडही. मी हात जोडले. आजी म्हणाल्या, “स्वामींची इच्छा.” मग स्वामींच्या इच्छेनं सगळ्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, भाडं माझ्या खिशातून. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस तेवढी चुकली नाही.

टोचन करून गाडी सोलापूरला आणली आणि वर्कशॉपच्या दारात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पोरानं चावी लावली तर गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! खरं तर इथंच कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता. पण तासाभरात इस्टिमेट हातात आलं: चार इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते), डिझेल पंपाचं काम, फिल्टर, हीटर प्लग 4 नग, मजुरी. एकूण 82 हजार. “गरम झाल्यावर बंद म्हणजे इंजेक्टरच,” साहेब म्हणाले. मोजून बघितलंत का, असं विचारलं तर उत्तर आलं, “अनुभव आहे.”

हीटर प्लग वाचून मात्र मला हसू आलं. गार इंजिनाला पहिला जाळ धरायला मदत करणारी ती वस्तू. सोलापूरच्या मे महिन्यात, तापलेली गाडी उचलत नाही म्हणून हीटर प्लग बदलायचे? हा कागद गाडी बघून लिहिलेलाच नाही, एवढं तेव्हाच कळलं.

मी गाडी अक्कलकोट रोडला डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे नेली. ते बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, “गार गाडी काय दाखवता? आजारी झाल्यावर दाखवा की ओ.”

गाडी चालू ठेवून त्यांनी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, पातळ पारदर्शक नळ्या लावल्या आणि त्या पट्ट्या आखलेल्या चार बाटल्यांत सोडल्या. इंजेक्टर आतून झिजला की त्यातून परत येणारं डिझेल वाढतं आणि सेल्फवर रेलमध्ये, म्हणजे पंपानं दाबलेलं डिझेल इंजेक्टरना पुरवणाऱ्या नळीत, दाब साठत नाही. डिझेल तापून पातळ झालं की गळती आणखी वाढते, म्हणून असली गाडी गरम झाल्यावर अडते. साहेबांचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य. पण बाटल्यांत आलं 22, 24, 23 आणि 22 मिली. चारही इंजेक्टर सख्ख्या भावांसारखे.

मग एसी लावून गाडी चांगली तापवली, बंद केली आणि आम्ही चहाला गेलो. बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची सगळी धग आजूबाजूच्या वायरी-सेन्सरवर येते. वीस मिनिटांनी परत चावी लावली. नाही उचलली! गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

“आता काटा बघा,” चाचा म्हणाले. सेल्फ फिरत होता, पण मीटरमधला आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता. काही गाड्यांत सेल्फवर काटा तसाही हलत नाही, म्हणून त्यांनी स्कॅनरही लावला. तिथंही शून्य. निरोगी गाडीत सेल्फवर दोनशेच्या आगेमागे आकडा दिसतो. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला क्रँक सेन्सर सांगतो. त्यानं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, मग पंप नवा असो की जुना. चाचांनी फडकं पाण्यात बुडवून त्या सेन्सरवर धरलं. पाच मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी सुरू! नंतर मीटर लावून दाखवलं, तापल्यावर आतली तार तुटल्यासारखं दाखवायचं आणि गार झाल्यावर आकडा परत यायचा. सेन्सर 1,800 रुपये, मजुरी 700. गाडी तेव्हापासून गाणगापूरच्या वाटेवर उन्हात उभी राहते आणि उचलते.

चाचांनी सगळे आकडे त्या 82 हजारांच्या इस्टिमेटच्याच पाठीवर लिहून दिले. बाटल्यांचे चार, सेल्फ मारताना बॅटरीचे 10.4 व्होल्ट आणि आरपीएमपुढं एक मोठं शून्य.

इंजेक्टर खरोखर जातातही. माझ्या शेजारी गाडी लावणाऱ्याचं तसंच झालं. गरम गाडीत सेल्फवर रेलचा दाब शंभर बारच्या वर चढेना. बहुतेक गाड्यांना उचलायला 200-250 बार तरी लागतात. त्याची तिसरी बाटली बाकीच्यांच्या तिप्पट भरली. त्यानं तो एकच इंजेक्टर बदलला. चारही बदल असं त्यालाही एका ठिकाणी सांगितलं होतं.

पूर्वी मी जीप चालवायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. लाइनीत हवा धरली की 17 नंबरच्या पान्यानं पाइपाचा नट सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, परत आवळायचा, दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. नव्या गाडीत तो पाना चुकूनही लावू नका. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो आणि चालू इंजिनाच्या रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडीत घुसते. म्हणजे हे काम आम्हाला घरी करता येत नाही, वर्कशॉपवरच भरवसा ठेवावा लागतो. म्हणूनच माझं मागणं आहे.

सोलापुरातल्या वर्कशॉपवाल्यांनी ‘सेल्फ फिरतो, गाडी उचलत नाही’ अशा गाडीच्या इस्टिमेटवर पार्टच्या यादीआधी चार आकडे लिहावेत: सेल्फवर बॅटरीचे व्होल्ट, आरपीएम, रेलचा दाब आणि प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न. तपासायची मजुरी वेगळी घ्या, ती द्यायला आम्ही कुरकुरणार नाही. आणि गाडीवाल्यांनो, मिस्त्रीला फोन करताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. गार असताना की गरम, धूर येतो की नाही, काटा हलतो की नाही, मीटरमधला किल्लीच्या चित्राचा दिवा (गाडीनं चावी ओळखली नाही की लुकलुकतो तो) लुकलुकतोय का, आदल्या दिवशी डिझेल कुठं भरलं, एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. बदललेला जुना पार्टही मागून घ्या. माझा सेन्सर मी डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. स्टँडवर आलात तर दाखवीन, अंगठ्याएवढा आहे.

आपला,
एक टूरिस्ट गाडीवाला, सोलापूर
(कृपया नाव छापू नये)